चाकावरची चूल

ये बाई, जवळ ये. फोनवर बोलताना तू खिडकीत उभी राहतेस आणि मला तुझं अर्धं कपाळ नि वरचा पंखा तेवढा दिसतो. आजीशी बोलायचं तर बूड टेकवून बोलावं, एवढं तुझ्या आईनं शिकवलं नाही का? आता फोन नाही, कागद आहे. म्हणून मीच तुला ओढून समोर बसवते. बस. हलू नको.

परवा तू म्हणालीस, "आजी, आम्ही चाकांवरच्या घरात राहून आलो. आत पलंग, शेगडी, सगळं! तुला नाही कळायचं, फोटो पाठवते." फोटो पाहिला. चांगलं आहे घर. पण ते "तुला नाही कळायचं" मला लागलं हो. अगं, माझा संसारच चाकांवर सुरू झाला. तुमच्या घराला खिडक्यांना पडदे होते. माझ्या घराच्या भिंतींनाच गोधडी होती. ऐक आता.

आम्ही बौद्ध झालो त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लग्न झालं. सासर अकोल्यात, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, एका खोलीचं. त्या खोलीत मी, माझ्या सासूबाई आणि एक जातं. तुझे आजोबा त्या खोलीचे पाहुणे. ते ऑईल इंजिनचे मिस्त्री. तेव्हा विहिरींवर मोटेच्या जागी इंजिनं बसू लागली होती, पिठाच्या गिरण्याही त्यांच्यावरच चालायच्या. इंजिन घेणारे गावोगाव निघाले, दुरुस्त करणारे कुठं होते एवढे? मूर्तिजापूरपासून नांदगाव खंडेश्वरापर्यंत कुठंही इंजिन खोकलं की आजोबांना बोलावणं यायचं. रीत अशी की ज्याचं इंजिन बिघडलं त्यानं मिस्त्रीला न्यायला बैल पाठवायचे. एका गावचे बैल सुटले की दुसऱ्या गावचे उभेच. असे ते महिना-महिना फिरायचे.

आणि गंमत काय, इंजिन बंद असलं की सगळं गाव "या मिस्त्री, या मिस्त्री" करायचं. इंजिन सुरू झालं नि दिवस मावळला की "बसा मिस्त्री" म्हणणारा कोणी नसायचा. आपल्या लोकांच्या वस्तीत कोणी नाही म्हणत नव्हतं, पण तिथं एकेका खोपटात घरच्यांनाच कूस बदलायला जागा नसे. मग आजोबा शेडमध्ये, इंजिनाला टेकून झोपत. "ते तरी गरम असते," म्हणायचे.

माझं मागणं एकच होतं. मलाही सोबत न्या. नवं लग्न आणि नवरा अमावास्या-पुनवेला दिसणार, तोही इंजिनाच्या तेलाच्या वासाचा! मी कुरकुर सुरू केली. आजोबांना तर न्यायचंच होतं, पण खोलीचा मालकी हक्क सासूबाईंकडे होता, आणि सुनेचाही.

"नेजो ना," सासूबाई त्यांना म्हणाल्या. "चूल कुठं मांडन ते?"

मी मधेच तोंड घातलं, "कुठंबी मांडीन आत्याबाई. तीन दगडं तं कुठंबी भेटतात."

तीन दगडांचं नाव काढलं आणि त्यांचा चेहरा फिरला. सासूबाईंनी उभा जन्म कापूस वेचत काढला होता, आज या गावी, उद्या त्या गावी. दुसऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, तीन दगडं, वर आभाळ. वारा सुटला की पिठात माती, पाणी आलं की भाकर भिजली. त्यांनी जात्यावर हात ठेवला, जसा कोणी पोथीवर ठेवावा, आणि म्हणाल्या, "माह्या सुनेची चूल उघड्यावर मांडू देणार नाई मी. चुलीवर छत दाखव, अन् सून घेऊन जाय."

आता छत आणायचं कुठून? गावात खोली मिळत नव्हती. मग आजोबांनी विचार केला, जे छत कोणी देत नाही ते आपणच सोबत न्यावं.

मूर्तिजापूरला कापसाच्या एका जिनिंगच्या आवारात लढाईच्या वेळचा ट्रेलर पडला होता. जीपच्या मागे लावून सामान वाहायचा. लोखंडी डबा आणि दोन चाकं. त्यात कोंबड्या अंडी घालत. जिनचं इंजिन सुरू करून दिल्यावर मालक खूश होऊन म्हणाला, "बोल मिस्त्री, काय पाहिजे?"

"ते कोंबड्याचं घर द्या."

मालक हसून हसून बेजार. "ने. पण कोंबड्या ठेवून जाजो."

कोंबड्या त्यांनी ठेवल्या. पण एक आत खाली दडून बसली होती, ती थेट आमच्या गल्लीत उतरली आणि असं काही ओरडली की जणू मीच तिला तिच्या माहेरातून काढलं. टायरात हवा ठरत नव्हती. आता आपल्या वऱ्हाडात जिथं काही कमी पडेल तिथं रुई कोंबायची. उशीत, गादीत, कानात. आजोबांनी टायरांतही चिंध्या आणि रद्दी रुई ठासून भरली. चाकं अशी दिसायला लागली, जशी विडा भरलेल्या माणसाचे गाल.

मग कामाला लागलो. डबा एवढासा होता की माणूस निजला तर पाय अकोल्यात आणि डोकं बाळापुरात. म्हणून मागच्या बाजूनं सागाच्या फळ्या टाकून तो दोन हात लांब केला. मोडक्या बाजेचे खूर कोपऱ्यांना उभे केले, त्यांना बांबू बांधले, वर टिनाचं छप्पर ठोकलं. पहिल्या दिवशी आजोबा मोठ्या कौतुकानं म्हणाले, "जाय, बसून पाय."

चैताचं ऊन. मी आत जाऊन बसले. थोड्याच वेळात बाहेर आले ती भाजलेल्या पापडासारखी. बोलता येईना, नुसते हात हलवत होते. त्यांना वाटलं, आनंदानं हलवते.

टिन तापतं तर त्याला झाकायचं कशानं? सासूबाई ओट्यावर बसून सुपारी कातरत होत्या. या कामात त्यांचा हात नव्हता. लक्ष मात्र एकेका खिळ्यावर. त्या हवेत बोलल्यासारख्या बोलल्या, "माणसाले थंडीत गोधडी लागते. टिनाले उन्हात लागत असन."

झालं! गल्लीतल्या बाया जमल्या. कोणी फाटकं लुगडं आणलं, कोणी धोतर, रुई तर घरोघरी. मधे रुई, दोन्हीकडून कापड, आणि मोठाल्या टाक्यांची शिलाई. छताला गोधडी, भिंतींना गोधडी. लेकराला आंगडं शिवतात तसं आम्ही घराला आंगडं शिवलं. पुढं कितीतरी वर्षं डोळे उघडले की माझ्या तोंडासमोर आमच्या शेजारणीचं अंजिरी लुगडं असायचं. आत ऊन लागत नसे ते नसेच, वर बैलांच्या घुंगरांचा आवाजही असा मऊ होऊन यायचा जसा दुसऱ्या गावाहून येतो आहे.

बाजूच्या भिंतीला बाहेरून ज्या फळ्या ठोकल्या त्या इंजिनाच्या खोक्याच्या होत्या. खोक्यावर बाण काढलेला असतो ना, ही बाजू वर ठेवा म्हणून? फळ्या आडव्या लागल्या, त्यामुळे आमचा बाण बैलांकडे तोंड करून होता. मी विचारलं तर आजोबा म्हणाले, "रस्ता दाखवून राहिला तो." बाणानं पुढं काय दाखवलं ते येईलच.

सगळ्यात जीव लावला तो चुलीत. मागचं लोखंडी झाकण नव्या टोकाला लावलं, ते साखळ्यांवर खाली पडायचं, त्याचा झाला ओटा. त्यावर मातीची चूल थापली, वर टिनाचं छोटं छत. मी आत पाटावर बसणार, चूल समोर, धूर बाहेर. चुलीजवळ पाण्याचा रांजण, पाटा-वरवंटा. आणि पुढच्या टोकाला, बैलांच्या बाजूनं, जू बांधायचा दांडा आणि त्याच्यामागं आजोबांची हत्यारांची पेटी. पाने, हातोडे, शिकंजा, सगळं लोखंड. तिच्यावर बसायचीही सोय.

गल्लीतली एक म्हातारी रोज येऊन टोमणा मारून जायची, "काय वो, याच्यात तुमी राहणार का बकऱ्या?"

"बकऱ्याले एवढ्यात भागत नाई ना माय, मनून आमी राहतो," मी म्हणायची.

शेवटी सासूबाई ओट्यावरून उठल्या. घराला एक चक्कर मारली. चुलीवरच्या छताला बोटानं टिचकी मारली. म्हणाल्या, "अकोल्यात उभं आहे तोवर समदंच चांगलं. एक मुक्काम मले दाखव. पसंत पडलं तं सून ठेवीन, नाई तं वापस आणीन. अन् जातं ठेव आत. माही सून दुसऱ्याच्या जात्यावर पीठ मागाले जाणार नाई."

जातं! त्यांचा जीव की प्राण. दोघा जणांनी उचलून ते आत, रांजणाशेजारी ठेवलं. स्वैपाकाची वस्तू स्वैपाकाजवळ. यात काही चूक आहे असं कोणालाच वाटलं नाही.

मूर्तिजापूरच्या वाटेवरच्या एका गावातून बैल आले. आम्ही निघालो. मी मागं, आजोबा पायी, आणि सासूबाई पुढं हत्यारांच्या पेटीवर, पदर खोचून, ताठ, कलेक्टरसाहेबांच्या आईसारख्या. रस्त्यात जो भेटेल तो थांबायचा.

"औषधवाले का?"

"सिनेमा हाय का वो यात?"

"जत्रेतला पाळणा दिसते."

सासूबाई कोणाला उत्तर देत नव्हत्या. एकाला मात्र दिलं. तो म्हणाला, "कोंबड्याचा खुराडा व्हय का?" तर कडाडल्या, "माह्या लेकाचं घर व्हय! तुह्या घराले चाकं आहेत का?" आणि लगेच मागं वळून मला म्हणाल्या, "हसू नको. अजून पसंत नाई केलं मी." मी पदरात तोंड घातलं. मनात म्हटलं, अर्धी लढाई जिंकली.

गावाबाहेर एका निंबाखाली मुक्काम पडला. दिवस कलायला आला होता. बैल सोडले. बैलगाडीला लावतात तसा पुढं टेकू लावला. गाडीला टेकू पुढंच लागतो, सारं जग पुढंच लावतं, म्हणून मागं कोणी काही लावलं नाही. आजोबांनी आपली पेटी उतरवली, बैलांसोबत आलेल्या गड्याच्या डोक्यावर दिली आणि विहिरीकडे गेले. पेटी गेली तर सासूबाई खाली न उतरता पेटीच्याच जागी घोंगडी टाकून बसल्या.

मी चूल पेटवली. बाई गं, काय सांगू! स्वतःची चूल, स्वतःच्या छताखाली. वारा सुटला होता, पण माझ्या पिठात मातीचा कण नाही. तुरीचं वरण शिजत होतं, तव्यावर ज्वारीची भाकर. गावच्या बाया पाणी भरून येता येता थांबल्या, घागरी कडेवर तशाच.

"अवो, पाय ना, घरातच चूल."

"भिंतीले गोधडी कायले लावली वो?"

"घरबी झोपते ना माय, मनून पांघरूण," मी म्हटलं, आणि सगळ्या खिदळल्या. मला वाटलं, जिंकलंच आता. सासूबाई फक्त "हो" म्हणायच्या बाकी आहेत.

पुढून आवाज आला, "वरणात हिंग टाकला का?"

"टाकला आत्याबाई."

"वास नाई येत."

"तुमी पुढं, वास मांगं."

"थांब, पायतो."

आणि सासूबाई उतरल्या.

त्यांचा पाय जमिनीला लागला मात्र, पुढचा भाग हळूच वर उठला. टेकू लोंबकळला. सगळं घर, कुत्रं जसं बुडावर बसतं तसं, मागं बसलं. मी पाटासकट घसरले, माझ्यामागं परात, परातीमागं रांजण. वरण चुलीवर सांडलं आणि त्यानंच चूल विझवली. मी निंबाच्या पाल्यात बसले होते, मांडीवर अर्धी भाजलेली भाकर. जातं गडगडत आलं, माझ्या शेजारून गेलं आणि त्याच्या दोन तळ्या, वरचा नि खालचा दगड, दोन बाजूंना जाऊन पडल्या, भांडण झालेल्या जावांसारख्या.

वर पाहते तर भिंतीवरचा बाण. आता बरोबर आभाळाकडे तोंड करून होता.

मग एका बाईची घागर हसण्यानं कडेवरून सुटली आणि जो हलकल्लोळ झाला! सासूबाई पुढच्या बाजूला उभ्या. त्यांना वाटलं घराला भूत लागलं. एक म्हातारी त्यांना म्हणाली, "बुढे, तू बस बरं वापस." चार बायांनी पुढचा दांडा ओढून खाली केला, सासूबाईंना वर बसवलं. घर सरळ. "आता उतर." उतरल्या. घर बसलं. "बस." बसल्या. घर उठलं. त्या बायांना इतका खेळ लागला की शेवटी सासूबाईच ओरडल्या, "मी काय कुकर आहे का तुमची शिट्टी वाजवाले?" अगं, चुकले. कुकर कुठला तेव्हा! "मी काय ढेकळीचा हात आहे का?" असं म्हणाल्या. विहिरीवर ढेकळी असते ना, एक टोक दाबलं की दुसरं वर, ती.

आजोबा धावत आले, कोपरापर्यंत तेल. घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वरणाकडे पाहिलं. बिचाऱ्यांना इंजिनातला एकेक नट ठाऊक, पण जन्मभर दुसऱ्यांच्या गाडीत बसले, गाडी भरली कधीच नाही. "इंजिन असतं तं समजलं असतं," एवढंच म्हणाले.

सासूबाईंना मात्र समजलं होतं. कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पायलं ना? मी उतरली तं घर उलटते. आता रोज मले पुढं बसवून ठेवता का? चला सुनबाई, उद्या सकाळी अकोल्याले."

माझं तोंड एवढंसं झालं. लुगड्याला वरण, केसांत निंबाचा पाला, ते काही नाही. पण ती खोली पुन्हा, ते अमावास्या-पुनवेचं वाट पाहणं पुन्हा. रडूच आलं असतं. तेवढ्यात डोळ्यांपुढं आलं ते माझ्या बाबाची कडब्याची गाडी. माझा बाप भाड्यानं कडबा वाहायचा. मागं जास्त भरला की गाडी उलाळ व्हायची, जू वर उठून बैलांचे गळे आवळायचे. मग तो शिव्या देत एक धोंडा पुढं आणून ठेवायचा.

मी उठले. "उलाळ झाली," मी म्हटलं. "भूत नाई न् काई नाई. मांगं भार जास्त झाला. ते तळ्या आणा बरं इकडं."

आजोबांनी आणि गड्यानं जात्याच्या दोन्ही तळ्या उचलल्या. मी बोट दाखवलं, सासूबाई बसल्या होत्या बरोबर त्याच जागी. ठेवल्या. चार बायांनी धरून ठेवलेला दांडा सोडला. घर हललं नाही. मी मागं चढून बसले. नाही हललं. एक धट्टीकट्टी बाई माझ्या शेजारी चढून बसली, तरी नाही.

सगळे सासूबाईंकडे पाहायला लागले. सासूबाई त्या दगडाकडे.

"वा वो सुनबाई," त्या म्हणाल्या. "माह्या जागी गोटा बसवला."

पुन्हा हशा. मी जीभ चावली. पण त्या हसणाऱ्या बायांना ओलांडून मागं गेल्या, मला हातानं बाजूला सारलं आणि स्वतः वर चढल्या. भीत भीत पाटावर बसल्या, एक हात खांबाला. घर उभंच. मग खांब सोडला. फुटलेली चूल मातीचा हात फिरवून सारखी केली, काड्या रचल्या, पेटवली. "पीठ आण," म्हणाल्या.

भाकर त्यांनी थापली. वारा आता जोरात होता. निंबाच्या वाळक्या पानांचा पाऊस पडत होता, टिनावर टपटप वाजत होता. परातीत मात्र एक पान नाही. भाकर तव्यावर टाकून त्यांनी मान वर केली. पिठाचा हात वर नेला आणि गोधडीच्या छताला लावून पाहिला. मग टिनाला. बराच वेळ हात तिथंच होता. तव्यावर भाकर करपायला आली.

"पाणी आलं तं?" त्यांनी विचारलं.

"येऊ द्या ना, आत्याबाई."

त्यांनी भाकर उलटली. तिची एक बाजू काळी, दुसरीवर पाच बोटं उमटलेली. ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "राहा. पण आयक. तो गोटा माहा आहे. मी आली का त्याले मांगं टाकजो, पुढं मी बसन."

सकाळी त्या एकट्याच अकोल्याच्या गाडीत बसल्या. जाताना घराला निरोप दिला नाही, मला दिला नाही, जात्याच्या तळीवर थाप मारून म्हणाल्या, "नीट बसजो."

पुढं आजोबांनी मागंही टेकू केला, मग कोणी उतरलं काय न् चढलं काय, घर बसेना. पण दर हंगामात सासूबाई यायच्या, दगड मागं जायचा, त्या पुढं बसायच्या आणि वाटेत भेटेल त्याला सांगायच्या, "मी उतरली का उलटते हे घर." टेकूचं त्यांना कोणी सांगितलं नाही. आजोबा म्हणायचे, "सांगून काय करता? मंग येईन का ते?" तुझा मोठा काका त्याच घरात रांगायला लागला, रांगत मागं गेला तरी घर हललं नाही, एवढी हुशारी आम्ही शिकलो होतो. मग अमरावतीला वर्कशॉप झालं, पक्कं घर झालं, आणि तो डबा मोडून त्याची फळकुटं न्हाणीच्या चुलीत गेली. ती अंजिरी लुगड्याची गोधडी मात्र अजून माझ्या पायांवर असते.

आणि जात्याची वरची तळी ओट्यावर आहे. तू लहानपणी जिथं पाय हलवत बसायचीस ना, खांबाजवळ, तिथं. तू येत नाहीस तर जागा रिकामी दिसते, म्हणून ठेवली. शेजारच्या बाया विचारतात, "आजी, मधातच गोटा कायले ठेवला?" मी म्हणते, "माह्या नातीची जागा आहे, तिले येऊ द्या."

तर लवकर ये बाई. फोटो नको पाठवू, तू ये. चाकांच्या घरातून आलीस तरी चालेल, दारात उभं करू. फक्त कधी येतेस ते सांगून ये, म्हणजे दगड उचलायला मी कोणाला तरी बोलावून ठेवीन. माझ्याच्यानं आता तो हलत नाही.